पायरी नसलेलं घर

आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते बहुधा कापलेलं चित्र घेऊन. कॅलेंडरमधलं, मासिकातलं, नाहीतर पुण्यात नोकरीला असलेल्या साळ्याने पाठवलेला कुणाच्या तरी बंगल्याचा फोटो. "अस्संच पाहिजे." चित्रात मागे नारळाची झाडं असतात, पुढे हिरवळ. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून येतं. मी चित्र बघतो, कौतुक करतो, परत देतो आणि विचारतो, "घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?" गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं आणि बायकोकडे बघतं. बायको उत्तर देते, आणि तिथून खरं काम सुरू होतं.

माझे वडील गवंडी होते. त्यांच्या थापीवर आमचं घर चाललं, आणि त्याच थापीच्या जोरावर मी पॉलिटेक्निकमधून स्थापत्याची पदविका घेतली. घरांचे नकाशे काढणं आणि ती उभी करून देणं हा माझा धंदा. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचा मला अधिकार नाही आणि पाटीवर मी तसं कधी लिहिलं नाही. कुणी 'इंजिनेर' म्हणतं, कुणी नुसतं 'शेखभाऊ'. दोन्ही चालतं.

उतारावरचं घर हा या धंद्यातला अवघड भाग. बाहेरच्या माणसाला वाटतं, टेकडीचा एक भाग कापला, ती माती खालच्या अंगाला लोटली की झाली जागा सपाट. सपाट होते, पण तिचा अर्धा भाग कापलेला असतो आणि अर्धा भरलेला. भरलेली माती पुढचे कित्येक पावसाळे खाली बसत राहते, आणि तिच्यावर भिंत असेल तर भिंतही तिच्याबरोबर बसते. म्हणून घर ठेवायचं कापलेल्या, कणखर मुरमावर. भरावावर फार तर अंगण. दुसरी गोष्ट पाण्याची. टेकडीवरून उतरणारं पाणी घराच्या पाठीला येऊन थडकतं. त्याला वरच्या अंगाने चर खणून दोन्ही बाजूंनी वाट द्यावी लागते. नाही दिली तर ते स्वतः काढतं, आणि मग ते स्वयंपाकघरातूनही जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे हौस. भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना टेकडीच्या अगदी माथ्यावर घर हवं होतं. "चारी दिशा दिसल्या पाहिजेत." मी म्हटलं, चारी दिशांनी वाराही येईल, आणि प्यायचं पाणी मात्र एकाही दिशेने येणार नाही. ऐकलं नाही. दोन उन्हाळे त्यांनी पाणी वर चढवलं आणि तिसऱ्यात कारखान्याच्या वसाहतीतल्या मुलाकडे राहायला गेले. ते घर अजून उभं आहे. दुपारी तिथे बकऱ्या बसतात. त्यांना चारी दिशा दिसतात.

हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं. रुषीजींचं घर तसं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं ऑफिस तेव्हा बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. वर यायला अरुंद लोखंडी जिना. एका दुपारी खालच्या पानठेलेवाल्याने हाक मारली, "शेखभाऊ, खाली या न. एक पावना आहे, त्याले जिना नाई चढता येत."

खाली गेलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस उभा होता. स्वच्छ धुतलेला सदरा-पायजमा, डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत काळ्या मऊ रबराच्या जाड चपला. हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली झाकलेले. त्याच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. त्याने दुपट्टा बाजूला केला आणि नमस्कारासाठी हात जोडले. बोटं आत वळलेली होती, काही आखूड होऊन गेलेली. हात तसेच धरून तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"माणूस पाहून घ्या पहिले," तो म्हणाला. "मंग नकाशाचं बोलू."

"पाहिला," मी म्हटलं. "बसा."

ठेल्यामागे एक बाक होता. त्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. रुषीजी गोंडपिपरीच्या पुढचे, एका टेकडीच्या पायथ्याच्या गावातले. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. विशी उलटते न उलटते तोच अंगावर चट्टे उठले. गावात बोभाटा झाला. थोरल्या भावाने, तुकारामने, त्यांना बैलगाडीत घातलं, पुढे एसटीत बसवलं आणि लांबच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात सोडून दिलं. औषधांनी रोग गेला. पण तो जाईपर्यंत हातापायांची जाणीव गेली होती, आणि गेलेली जाणीव परत येत नाही. दवाखान्याच्या वसाहतीतच ते राहिले, तिथल्या हातमागावर काम केलं, तिथेच अंजनाबाईंशी लग्न झालं. अंजनाबाई सिरोंचाकडच्या, घरची बोली तेलुगू. त्यांनाही कुणीतरी असंच आणून सोडलं होतं.

"तिथे खोली आहे, जेवण आहे, आपली माणसं आहेत," मी म्हटलं. "मग गावात परत का?"

"खोलीले नंबर आहे, भाऊ," रुषीजी म्हणाले. "गावात घराले माणसाचं नाव रायते."

वाटणी झाली तेव्हा तुकारामने धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, स्वतःकडे ठेवली आणि टेकडीच्या पोटाशी असलेला बरड तुकडा धाकट्याच्या नावे केला. तिथे काही पिकत नव्हतं. धाकटा कधी येईल असं कुणाला वाटलंही नसावं. आणि आता धाकटा तिथे घर बांधायला निघाला होता.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. सकाळी आधी कोण उठतं?

"मी," अंजनाबाई म्हणाल्या. "चूल मीच पेटवते." त्यांनी पदर सरकवून मनगट दाखवलं. मनगटापासून वळलेल्या बोटांपर्यंत भाजल्याचे जुने-नवे डाग होते. "जळलं तं कळत नाई. वास आला का कळते."

मी कागद पुढ्यात घेतला आणि पहिल्या ओळीत चूल लिहिली.

मग एकेक गोष्ट विचारत गेलो. पायात काटा शिरला, दगडाने कापलं, तरी कळत नाही. जखम चिघळते तेव्हा कळतं. पायाची बोटं झिजलेली, त्यामुळे पायरीच्या कडेवर तोल जातो. दाराची कडी बोटांनी सरकवता येत नाही. नळाची तोटी फिरवता येत नाही. रुषीजींच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, म्हणून धूळ, धूर आणि पश्चिमेचं ऊन डोळ्यांना सोसत नाही.

"म्हणजे पायरी एकही नको," मी म्हटलं. "आणि जागा आणली टेकडीवरची."

रुषीजी पहिल्यांदा हसले. "जागा मी नाई निवडली. ते वाटनीत आली. घर तेवढं निवडाले भेटलं."

पुढच्या आठवड्यात जागा पाहायला गेलो. एसटीतून उतरून गावातून चालत जाताना ओसऱ्यांवरची माणसं बघत होती. कुणी 'राम राम' केला नाही, कुणी शिवीही दिली नाही. गाव संपलं की धानाच्या बांध्या, त्यांच्या टोकाला बोडी, म्हणजे बांध्यांना पाणी द्यायचं लहानसं तळं, आणि तिथूनच टेकडी चढायला लागते. तुकडा लांबट होता. खालच्या कडेला एक मोठं मोहाचं झाड. झाडाजवळून गावाची पायवाट तिरपी वर जंगलात जायची. तेंदूपत्त्याला, सरपणाला, मोह वेचायला सगळे याच वाटेने. वर गेल्यावर खडकाचा एक सपाट टप्पा होता. तिथे उभं राहिलं की धानाची सगळी हिरवळ आणि तिच्या पलीकडे नदीचं पात्र दिसायचं.

मी त्या टप्प्यावर भाळलो. कणखर खडक, पाणी साचायची भीती नाही, वस्तीपासून दूर, निवांत. शहरातली माणसं अशा जागेसाठी जीव टाकतात. रुषीजींना वर आणायला लांब उतार काढावा लागला असता, पण काढता आला असता. मी म्हटलं, "इथे बांधू. कुणाची नजर नाही, कुणाचा त्रास नाही."

रुषीजी खाली मोहाजवळच उभे होते. वर चढलेच नव्हते. त्यांनी खालूनच सांगितलं, "घर इथी पायजे. वाटेले लागून."

"अहो, सगळं गाव तुमच्या दारावरून जाईल."

"तेच पायजे न," ते म्हणाले. "मी दिसलो पायजे. आज नाई बोलनार. दोन पावसाळे नाई बोलनार. मंग एखादा तं म्हनन, काय रुषी, काय करून राह्यला? वर जाऊन बसलो तं कोन इचारन? दवाखान्यात होतो तसाच झालो."

टेकडीवर घर बांधणारा माणूस मला देखावा मागतो. या माणसाला स्वतः दिसायचं होतं. मी टप्पा सोडला आणि मोहाजवळ आखणीची दोरी मारली.

घर टेकडीच्या अंगाला धरून लांबट बसवायचं ठरवलं. सगळं एकाच पातळीवर, उंबरठादेखील नाही. पश्चिमेची भिंत जवळजवळ बंद. पूर्वेला, मोहाच्या सावलीत, वाटेकडे तोंड करून रुंद ओटा. वाटेपासून ओट्यापर्यंत वळणा-वळणाने चढ: बारा हात पुढे गेलं की एक हात वर, त्याहून जास्त नाही. दोन्ही कडांना टाचेएवढा बांध, की पाय घसरला तरी बाहेर जाणार नाही. वरच्या अंगाला पाण्याची टाकी, म्हणजे घरात पाणी आपोआप उतरेल, आणि तोटीऐवजी कोपराने ढकलायचा दांडा. दाराला कडी नाही, आडवी लाकडी आगळ, हाताच्या मनगटाने सरकेल अशी. चूल कंबरेएवढ्या कट्ट्यावर, समोर मातीचा आडोसा, धूर छपरातून बाहेर. वर कवेलू, म्हणजे कौलं.

नकाशा झाला आणि गावाने बोलावणं पाठवलं.

शाळेच्या पडवीत बैठक होती. रुषीजी आत आले नाहीत. अंगणातल्या बाभळीखाली, आपणहून, लांब उभे राहिले. मी त्यांना हाताने बोलावलं. त्यांनी मान हलवली. पडवीत एका खांबाला टेकून एक उंच, हाडकुळा माणूस बसला होता. हा तुकाराम, हे त्याच्या नाकावरून ओळखू आलं. दोघा भावांचं नाक एक होतं.

सरपंच म्हणाले, "जागा त्याची आहे, आमी रोकू शकत नाई. पन त्याच्या घरचं पानी खाली बोडीत येनार. त्याच बोडीत आमची ढोरं पानी पेतात."

"आमची लेकरं पोह्यतात तिथी," मागून एक बाई म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. ती घाबरली होती.

मी समजावलं. रोग बरा झालाय, बरा झालेल्या माणसापासून तो होत नाही, पाण्यातून तर होतच नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणून सांगायला लावतो म्हटलं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणीच मान हलवली नाही. तुकाराम जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात बाहेरून रुषीजींचा आवाज आला. "पानी दुसऱ्या अंगाले फिरवतो. बोडीत एक थेंब नाई येनार."

परतताना मी चिडलो होतो. पाणी फिरवायचं म्हणजे टेकडीची एक सोंड ओलांडून न्यायचं, न्हाणीघर उलट्या टोकाला न्यायचं, सगळा नकाशा पुन्हा मांडायचा. "तुम्हाला माहीत आहे त्यांची भीती खोटी आहे," मी म्हटलं. "मग का वाकलात?"

रुषीजी सावकाश, पाय बघून टाकत चालत होते. "भीती खोटी असन," ते म्हणाले. "पन ते बाई घाबरली होती ते तं खोटं नाई न. मी मानसं दूर कराले घर नाई बांधून राह्यलो, भाऊ."

मी नकाशा पुन्हा मांडला. न्हाणी उत्तरेच्या टोकाला, छपराखालीच, सोंडेच्या पलीकडे उतरणारी नाली, आणि नालीच्या शेवटी केळीची आळी.

बांधकामाला गावातून कुणी आलं नाही. आमचे लतीफ मिस्त्री चंद्रपूरहून माणसं घेऊन आले. त्यातली दोघं, मालक कोण हे कळल्यावर, संध्याकाळच्या एसटीने परत गेली. लतीफ मिस्त्री गेले नाहीत. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते फक्त म्हणाले, "काम तो काम है," आणि सूत लावायला घेतलं. अंजनाबाई झाडाखाली चहा करायच्या. पहिले काही दिवस मिस्त्री एकटेच प्यायचे. पुढे बाकीचेही पिऊ लागले.

चढ बांधून झाला त्या दिवसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रुषीजी आणि अंजनाबाई वाटेपासून ओट्यापर्यंत वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मग ओट्यावर समोरासमोर बसले आणि चपला काढल्या. रुषीजींनी अंजनाबाईंचं पाऊल मांडीवर घेतलं आणि तळवा निरखून पाहिला; मग अंजनाबाईंनी त्यांचा. रोज संध्याकाळी हे करायचंच असतं, दवाखान्यात शिकवलेलं. पायाला काही झालंय का, ते पाय सांगत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं. लाली नव्हती, ओरखडा नव्हता. "पास," अंजनाबाई मला म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामाची तपासणी मी इतका धास्तावून पाहिलेली नाही.

ते राहायला आले. आता ओट्यावर बसून रुषीजी वाटेकडे बघायचे. त्या बाजूला काम निघालं की मी डोकावायचो. वाटेने माणसं जायची, डोक्यावर मोळ्या घेऊन, बकऱ्या हाकत. मान वळवायची नाहीत. काहींनी तर शेतातून दुसरी वाट पाडली, लांबची. रुषीजींनी कधी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "नवीन वाट वाकडी पाडली त्याइनं. काटे आहेत तिथी."

मग चैत्राच्या सुमारास मोह गळायला लागला. दरवर्षी त्या झाडाखाली गावातल्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन यायच्या. त्या वर्षी एकही आली नाही. फुलं झाडाखाली थरावर थर साचली. अंजनाबाईंना वेचता येत नव्हती. वळलेल्या बोटांत मोहाचं फूल येत नाही. मी गेलो तेव्हा सगळ्या अंगणात आंबूस, जड वास भरलेला होता. माश्या घोंगावत होत्या. अंजनाबाई खराट्याने फुलं लोटत होत्या. त्यांच्या आईकडेही मोहाचं झाड होतं, असं त्या म्हणाल्या. मग तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या, ते मला कळलं नाही, आणि रुषीजींनी सांगितलं नाही.

मला तेव्हा वाटलं की मी त्यांना वरच्या टप्प्यावर नेण्याचा हट्ट धरायला हवा होता. निदान हे रोज बघावं लागलं नसतं. आता तसं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

पुढच्या वर्षी तीन-चार बाया आल्या. त्यातली एक बैठकीत बोललेली तीच, आपल्या लेकराला घेऊन. बाकीच्या आल्या नाहीत. काही शेवटपर्यंत आल्या नाहीत, हेही खरं आहे.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुकारामला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं, मग घरी पाठवलं. घर जुनं, गल्लीत पावसाचं पाणी भरतं म्हणून उंच जोत्याचं. दाराला दगडी पायऱ्या, एकेक गुडघ्याएवढी. संडास बाहेर. त्याला उचलून खाली उतरवायचं, पुन्हा वर चढवायचं, हे दिवसातून कितीदा तरी. मुलगा वसंता एकटा, आई थकलेली. एकदा उतरवताना दोघं बापलेक पायऱ्यांवरून खाली आले.

वसंता टेकडीवर गेला. हे मला अंजनाबाईंनी सांगितलं. तो ओट्यावर चढला नाही, चढाच्या खाली उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, "बाबाले काही दिवस इथी ठेवू का? तुमच्या घराले पायरी नाई."

रुषीजी म्हणाले, "आन."

मी त्यानंतर काही आठवड्यांनी गेलो. ओट्यावर मोहाच्या सावलीत बाज टाकलेली होती आणि तिच्यावर तो उंच, हाडकुळा माणूस उशाला टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. रुषीजी त्याला पेज भरवत होते. त्यांचा चमचा मनगटाला चामड्याच्या पट्ट्याने बांधलेला असे, वसाहतीत करून दिलेला. त्या बांधलेल्या चमच्याने, सांडू न देता, एकेक घोट. भरवून झाल्यावर त्यांनी आणि अंजनाबाईंनी भावाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर केलं. पाठ तपासली, टाचा तपासल्या. एका जागी पडून राहिलं की कातडी फुटते, आणि ज्या अंगाला जाणीव नाही ते अंग सांगत नाही. हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही.

तुकारामची बायको कौसल्याबाई रोज दुपारी येत होत्या. नवऱ्याला आंघोळ घालून जायच्या. दिराच्या घरचं पाणी त्या आता पीत होत्या.

रुषीजी मला सोडायला वाटेपर्यंत आले. मी विचारावं की नाही असं करत शेवटी विचारलं, "काही वाटत नाही का? यानंच तुम्हाला नेऊन सोडलं होतं."

"तो बोलत नाई ते बरं आहे," ते म्हणाले. "बोलला असता, माफी मांगतली असती, तं मले काहीतरी उत्तर द्या लागलं असतं. माह्यापाशी उत्तर नाई. पेज आहे."

हिवाळ्यात वसंता माझ्या ऑफिसात आला. जिना चढून वर आला आणि खुर्चीच्या काठावर बसला. बापाला घरी न्यायचं होतं. सरकारी दवाखान्यातून चाकाची खुर्ची मिळाली होती. "काकाच्या घरी केला तसा चढ आमच्या दारात करून द्या," तो म्हणाला. "बारा हाताले एक हात. काकानं सांगतलं, त्याच्याहून उभा नोको."

गल्ली अरुंद होती. सरळ चढ बसत नव्हता. भिंतीच्या कडेने नेऊन कोपऱ्यात वळवावा लागला. दगडी पायऱ्या उखडल्या. लतीफ मिस्त्रींबरोबर या वेळी गावातली माणसं कामाला होती. दाराचा उंबरठाही काढावा लागला. कौसल्याबाई क्षणभर हळहळल्या, मग म्हणाल्या, "काढा. उंबरठ्याले पुजून का करू."

तुकारामला घरी आणायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. वसंताने खुर्ची टेकडीवरून उतरवली, वाटेने, बांधाबांधाने, गल्लीत आणली. रुषीजी आणि अंजनाबाई मागून येत होते. माणसं ओसऱ्यांवर उभी राहून बघत होती. खुर्ची चढावरून वर गेली, वळली, आत गेली. रुषीजी चढाच्या पायथ्याशी थांबले. गावात येऊन त्यांना दोन वर्षांहून जास्त काळ झाला होता. परतल्यापासून या घरात ते शिरले नव्हते. कुणी बोलावलं नव्हतं, आणि पायऱ्याही होत्या.

कौसल्याबाई दारात आल्या. "भाऊजी, आत या न."

ते पाय बघत बघत वर गेले. मी त्यांच्या मागे होतो, तोल गेला तर धरावं म्हणून. तोल गेला नाही. मधल्या खोलीत ते उभे राहिले आणि भिंती बघू लागले. मग विचारलं, "वहिनी, माय कुठी झोपत होती?"

कौसल्याबाईंनी खिडकीखालची जागा दाखवली. "शेवटी तं इथीच होती. तोंड दरवाज्याकडं करून."

रुषीजी त्या जागेवर खाली बसले. वळलेल्या बोटांचा हात त्यांनी जमिनीवर ठेवला, शेणाने सारवलेल्या. त्या हाताला जमीन कळत नाही हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"ते गेली तवा मले कोनी सांगतलं नाई," ते म्हणाले. आवाज वर चढला नव्हता.

"हे निघाले होते सांगाले," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं याले एसटीत बसले होते. अर्ध्या रस्त्यातून वापस आले. घरी येऊन जेवले नाई. काऊन वापस आले ते मलेबी नाई सांगतलं."

सगळ्यांनी तुकारामकडे पाहिलं. तो भावाकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, गळ्यातून घरघर येत होती, शब्द येत नव्हता. डाव्या हाताने त्याने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. अंजनाबाई दारातच थांबल्या होत्या. कौसल्याबाई उठून गेल्या आणि मनगटाला धरून त्यांना आत घेऊन आल्या.

रुषीजी भिंतीचा आधार घेत उठले. खुर्चीपाशी गेले. भावाच्या तोंडाच्या ओढलेल्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक घेतलं आणि ती पुसली, गेले कित्येक महिने पुसत होते तशीच. मग वसंताला म्हणाले, "खुर्ची खिडकीपाशी घे. दरवाज्यातून त्याच्या डोळ्यावर ऊन येऊन राह्यलं."